न कापलेलं पान

सासूचं पत्र येतं, "मी बरी आहे, माझी काळजी करू नका." मुलगा वाचतो आणि म्हणतो, चला, आई बरी आहे. सून तेच पत्र वाचते आणि म्हणते, हा मला टोमणा आहे. नात वाचते आणि म्हणते, आजीला करमत नाहीये, तिला बोलवून घ्या. पत्र एक, ओळ एक, आणि जेवणाच्या टेबलावर तट तीन! आता एका ओळीच्या पत्राची ही गत, तर चारशे पानांच्या ग्रंथाची काय होत असेल?

तर ऐका. एका गल्लीत पुस्तकं बांधायचं दुकान होतं. एक टेबल, एक लोखंडी दाबयंत्र, सरसाचा डबा आणि सुयांची पेटी. दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे टाकेबाई म्हणायचे. तिचा टाका असा, की म्हणे एकदा वादळात दुकानाचं छप्पर उडालं, खिडकी उडाली, शेजाऱ्याची सायकल दुसऱ्या गल्लीत सापडली, पण तिने शिवलेल्या वहीचं पानसुद्धा हललं नाही. खोटं वाटत असेल तर ती वही अजून आहे, जाऊन बघा. सायकल विकली.

एवढा पक्का टाका घालणारी बाई, पण तोंडाला मात्र तिने कायमचं कुलूप लावलेलं. घरात कुणी भांडलं की ही दोन्हीकडे मान हलवायची. तिचा नवरा म्हणायचा, "तू एकाच वेळी हो आणि नाही म्हणू शकतेस, तुला सरकारात घ्यायला पाहिजे." ती त्यावरही मान हलवायची.

एके दिवशी सकाळी दुकानात हेडमास्तर आले. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना बघून ओळीत उभी राहायची. वस्तीतल्या प्रार्थनागृहाचे ते अध्यक्ष. त्यांच्या मागे फौजी. हा म्हातारा पूर्वी सैन्यात होता, आता प्रार्थनागृहाची राखण करायचा, खुर्च्या मांडायचा, पायऱ्या झाडायचा. हेडमास्तरांच्या हातात कापडात गुंडाळलेला, दर आठवड्याच्या प्रार्थनासभेत वाचायचा ग्रंथ होता.

"फौजी, हा जरा टेबलावर ठेव, मला चष्मा काढू दे."

"तुम्हीच ठेवा सर," फौजी म्हणाला आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन दारातच थांबला.

हेडमास्तरांनी ग्रंथ ठेवला. "बाई, पाठ उसवलीये. सगळा सोडून नव्याने शिवायचा. पुढच्या सभेच्या आत. आणि हे." त्यांनी खिशातून एक जाड, छापलेला कागद काढला. "हे ग्रंथाच्या पहिल्या पानाआधी शिवायचं. चिकटवायचं नाही. चिकटवलेलं निघतं."

टाकेबाईने कागद वाचला. वर मोठ्या अक्षरात 'नियम' असं लिहिलं होतं. खाली असं: 'ग्रंथ म्हणतो, ज्याच्या हाताला रक्त लागलं आहे त्याने हे पान उलटू नये. (पान २१७.) म्हणून दवाखान्यात किंवा बाळंतपणाच्या कामात असलेल्या कुणीही सभेत ग्रंथ वाचू नये.'

तिने तो पुन्हा वाचला. वस्तीत अशी एकच बाई होती जी दवाखान्यात काम करायची आणि सभेत ग्रंथही वाचायची. ती टाकेबाईची सख्खी धाकटी बहीण होती.

"सर, ही तर..."

"व्यक्ती कोण याचा प्रश्नच नाही," हेडमास्तर म्हणाले. "गेल्या सभेला बाहीवर रक्ताचा डाग घेऊन ती वाचायला उभी राहिली. सगळ्यांनी पाहिलं. माझं काही वैर नाही, पोरगी छान वाचते. पण मी कोण? ग्रंथ म्हणतो."

टाकेबाईने मान हलवली. प्रार्थनागृहाची, शाळेची, हेडमास्तरांच्या ओळखीतल्या तीन कचेऱ्यांची सगळी कामं तिच्याकडेच यायची, हे तिला पाठ होतं आणि हेडमास्तरांना तर तोंडपाठ होतं.

संध्याकाळी धाकटी आली. पायात दवाखान्यातल्या रबरी चपला, डोळे सुजलेले. तिला खबर आधीच लागली होती.

"ताई, तू तो कागद शिवणार आहेस?"

"काम आहे गं. मी नाही शिवला तर दुसरा कुणी शिवेल."

"म्हणजे माझा गळा दुसऱ्याने दाबण्यापेक्षा घरच्याने दाबलेला बरा!"

"असं वाकड्यात शिरू नकोस. एका सभेत वाचायला मिळालं नाही तर काय आभाळ कोसळणार आहे? घरी वाच की."

धाकटी स्टुलावर बसली. "घरी वाचतेच मी. पण सभेत वाचते ना, तेव्हा आठवडाभर जे पाहिलं ते ठेवायला मला जागा सापडते. त्या दिवशी माझ्या बाहीवर रक्त कुणाचं होतं माहितीये? सोळा तास उभी होते. बाई वाचली, बाळ वाचलं. मी सदरा बदलायला घरी गेले असते तर सभा चुकली असती. मला वाटलं, हेच घेऊन जावं. याच्याहून चांगलं काय नेणार मी?"

टाकेबाईने सुया पेटीत परत लावायला घेतल्या.

"आणि ती ओळ," धाकटी पुढे म्हणाली, "मी सहा वर्षं वाचतेय. मला ती नेहमी खुन्यांसाठी वाटली. ज्याने दुसऱ्याचं रक्त सांडलं त्याच्यासाठी. पुसणाऱ्यासाठी नाही! हेडमास्तरांना तीच ओळ माझ्यासाठी वाटते. बरं, ताई, तुला काय वाटतं?"

"मला? मला वाटतं रक्ताचा डाग कागदावरून जात नाही. हात धुऊन पुस्तक धरा, एवढंच."

धाकटी एवढ्या दुःखातही खो खो हसली. "बघ! बाइंडिंगवालीला पान दिसलं! अगं, तुझं तरी बोट आठवड्यातून किती वेळा टोचतं? नियम लावायचा तर हा ग्रंथ शिवणारच कोण?" मग ती उठली. "तुला हवं ते कर. पण 'काम आहे' म्हणू नकोस. ते म्हणतात 'ग्रंथ म्हणतो', तू म्हणतेस 'काम आहे'. माणूस कुणीच नाही. सगळे निरोपे!"

हे वाक्य सुईपेक्षा खोल गेलं.

दुसऱ्या दिवशी टाकेबाईने ग्रंथ सोडायला घेतला. जुना दोरा कापला, पाठीवरचा वाळका सरस खरवडला, आणि एकेक फर्मा वेगळा केला. मोठ्या छापील कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांची एक चळत होते, तिला फर्मा म्हणतात. मग तिन्ही कडा कापायच्या, की घड्या सुटतात आणि पानं मोकळी होतात. हे सगळं तिच्या हाताला डोळे मिटून येत होतं.

वापरलेलं पुस्तक बाइंडरशी खोटं बोलू शकत नाही. कुठलं पान किती वेळा उघडलं ते कोपऱ्यावरचा मळ सांगतो. भुकेल्याला खाऊ घालण्याची पानं कोरी करकरीत होती. आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची पानं जेमतेम पिवळी. आणि दोनशे सतरावं पान? त्याचा कोपरा एवढा काळा, एवढा तुळतुळीत, की त्यात बघून भांग पाडता आला असता!

तिने चौदावा फर्मा हातात घेतला आणि बोटं थांबली. एक पान जाड लागलं. तिने ते उजेडात धरलं. ते एक पान नव्हतंच. दोन होती, बाहेरच्या कडेला घडीने जोडलेली. कधीकाळी घडी जरा आत बसली होती आणि कापायची सुरी तिच्या बाजूने निघून गेली होती. टाकेबाईने आकडे पाहिले. घडीच्या या अंगाला दोनशे सतरा. त्या अंगाला दोनशे वीस.

दोनशे अठरा आणि दोनशे एकोणीस आत बंद!

साठ वर्षं हा ग्रंथ, वस्तीतली ही एकच छापील प्रत, सभेत वाचला जात होता. साठ वर्षं लोक दोनशे सतरावर ती रक्ताची ओळ वाचून थेट दोनशे विसावर पाहुण्याच्या स्वागताकडे जात होते. घरोघरी जी छोटी पुस्तिका होती तीही याच ग्रंथावरून उतरवलेली. त्या एका ओळीवरून दोन लग्नं मोडली होती, एका दाईला गाव सोडावं लागलं होतं. आणि पुढचं पान कुणी उघडलंच नव्हतं!

तिने चपटी सुरी उचलली. घडीत घातली. आणि पुन्हा बाहेर काढली. इथे कापलं तर उद्या हेडमास्तर म्हणतील, बहिणीसाठी बाईने पान घुसडलं. नाही. हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला पाहिजे.

तिने ग्रंथ शिवला. इतका सुरेख शिवला की दोऱ्यालाच गर्व झाला असेल. घडी तशीच ठेवली. आणि तो नियमाचा कागद तिने दुमडून स्वतःच्या पिशवीत टाकला.

सभेच्या दिवशी प्रार्थनागृह गच्च भरलं होतं. वाद आहे म्हटल्यावर जे वर्षानुवर्षं आले नव्हते तेही आले. एक आजोबा तर म्हणे तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले, वाद ऐकायला चालत आले आणि पुढची जागा पकडली. धाकटी मागच्या ओळीत बसली होती. फौजी दाराशी उभा होता.

हेडमास्तरांनी ग्रंथ उघडला, पहिलं पान पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, नियमाचं पान कुठे आहे?"

टाकेबाई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मान हलवली नाही.

"माझ्या पिशवीत आहे सर. मी शिवलं नाही. आणि शिवणारही नाही."

सभेतल्या सगळ्या माना वळल्या, भिंतीवरची पालसुद्धा ऐकायला पुढे सरकली.

"तुमचं काम शिवण्याचं आहे, बाई. न्याय करण्याचं नाही."

"म्हणूनच सांगते. शिवताना जे सापडलं ते दाखवायचंय." ती पुढे गेली, ग्रंथ हातात घेतला आणि दोनशे सतरावं पान वर धरलं. "हे पान जाड का आहे, कुणी विचारलं कधी? ही दोन पानं आहेत. जोडलेली. छापल्यापासून न कापलेली. सर, तुम्ही वाचता. तुमचे वडील वाचायचे. सतरानंतर वीस येतं हे तुम्ही मुलांना शाळेत शिकवलंत का कधी?"

कुणीतरी मागून ओरडलं, "आज्ञा एवढी पाळली की कुणी पानच उलटलं नाही!" हशा पिकला. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून आकडे पाहिले. एकदा. दोनदा. मग बसक्या आवाजात म्हणाले, "कापा."

सुरी घडीतून सरकली. साठ वर्षं मिटलेला कागद उघडला. आतली पानं पांढरीशुभ्र होती. हेडमास्तरांनीच वाचलं. मोठ्याने वाचलं, त्यात त्यांनी लबाडी केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

"आणि एक जण दारात येऊन उभा राहिला. त्याचे हात लाल होते. घरच्या म्हाताऱ्याने विचारलं नाही की हे रक्त कुणाचं. तो आत गेला आणि पाणी घेऊन आला."

त्या दोन पानांवर पुढे विहिरीचं, पाण्याचं, तहानेचं वर्णन होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं, एक शब्द नाही.

टाकेबाईला वाटलं, झालं. सुटलं. आता सगळं स्वच्छ!

कसलं स्वच्छ! हेडमास्तर उजळून म्हणाले, "पाहिलंत? आधी हात धुवायला लावले! म्हणजे अशुद्धच होता ना तो?"

धाकटी मागून उठली. "विचारलं नाही सर! म्हाताऱ्याने विचारलंच नाही, रक्त कुणाचं. पाणी आणलं. मी रोज तेच करते!"

"पण त्याला आत घेतलं का?" हा आवाज दारातून आला. फौजीचा. बावीस वर्षांत सभेत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "लिहिलंय का कुठे? आत घेतलं का त्याला?"

"काका?" धाकटी वळली.

"बावीस वर्षं मी इथे झाडतोय," फौजी म्हणाला. "या ग्रंथाला बोट लावलं नाही. तुम्ही सगळे भांडता, ती ओळ नर्ससाठी आहे की दाईसाठी. ती माझ्यासाठी आहे. मी लढाईत माणसं मारली आहेत. मला कुणी बाहेर काढलं नाही, मीच बाहेर राहिलो. म्हणून विचारतोय. घेतलं का आत?"

टाकेबाई त्या उघड्या पानाकडे बघत राहिली. आणि तिला एकदम दिसलं! तिने सुरी चालवली होती ती भांडण मिटावं म्हणून. तिला वाटलं होतं, पुढच्या पानावर उत्तर असेल. पण पुढच्या पानावर पुन्हा माणसंच उभी होती, आपापले हात घेऊन! नर्सला तिथे काम दिसलं, फौजीला अपराध, हेडमास्तरांना डाग. आणि तिला स्वतःला? तिला दिसलं की ज्याने पाणी ओतलं, त्या म्हाताऱ्याचेही हात लाल झाले असणार!

"सर," ती म्हणाली. "चार माणसं, चार अर्थ. ग्रंथ खोटा नाही, माणसंही खोटी नाहीत. प्रत्येकजण आपलं जगणं घेऊनच पान उघडतो, दुसरं आणणार काय? माझं एकच मागणं आहे. 'ग्रंथ म्हणतो' असं म्हणू नका. 'मी म्हणतो' असं म्हणा. म्हणा, मी या बाईला उठवतो. मग बघू."

"मी कोण म्हणणारा? ग्रंथ म्ह..."

"मी!" धाकटी नाही, फौजी नाही, पुढच्या ओळीतले ते अंथरुणावरचे आजोबा गरजले. "म्हण रे, मी म्हण! तुझा बापसुद्धा कधी म्हणाला नाही!"

हेडमास्तरांनी ओठ उघडले. "मी..." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिच्या रबरी चपलांकडे पाहिलं. हजार मुलांना ओरडून गप्प करणारा माणूस, त्याला चार शब्दांचं वाक्य पुरं करता येईना. ग्रंथाच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणं सोपं असतं, लोकहो. स्वतःच्या खांद्यावर ठेवली की धक्का बसतो!

ते खुर्चीत बसले.

"मी आठ वर्षांचा होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "याच पायऱ्यांवर दंगल झाली. माझा थोरला भाऊ तिथे पडला. वडिलांनी त्याला उचललं, आणि त्याच हातांनी, न धुता, ग्रंथ उघडला. आई किंचाळली. तेव्हापासून वडील ही ओळ सारखी वाचायचे. मी पण वाचतो. रक्त दिसलं की मला दुसरं काही दिसत नाही." त्यांनी दाराबाहेरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. "हा ग्रंथाचा नियम नाही. माझी भीती आहे. माझी."

धाकटी पुढे आली. "मग सर, ती भीती तशीच सांगायची होती ना! आम्ही ऐकली असती. नियम करून आमच्या गळ्यात का बांधली?"

"कारण भीतीला कुणी उठून उभं राहत नाही," हेडमास्तर म्हणाले. "नियमाला राहतात."

टाकेबाईने पिशवीतून तो जाड कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हा तुमचा, सर. ठेवा किंवा फाडा. पण यापुढे कुणालाही बाहेर काढणारं पान माझ्या सुईने ग्रंथात जाणार नाही. दुकान बंद पडलं तरी बेहत्तर! सुई माझी आहे, आणि टाका घालणारी मी आहे. हे काम आहे म्हणून नाही. हे मी म्हणते!"

हेडमास्तरांनी कागद घेतला. फाडला नाही. उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने पुढच्या सहा महिन्यांच्या वाचकांची यादी लिहायला घेतली. धाकटीचं नाव लिहिताना त्यांचा हात थबकला, पण नाव लिहिलं. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "फौजी, तुझं पूर्ण नाव काय रे?"

त्या दिवशी धाकटीने वाचलं. पान उलटायची वेळ आली तेव्हा तिने हात मागे घेतला आणि दाराकडे पाहिलं. फौजी आला. सगळ्यांच्या मधून, खुर्च्यांना धडकत आला. त्याने पान उलटलं, आणि मग तिथेच उभा राहिला, कारण त्याला परत दाराशी जायला कुणी जागाच देईना.

हेडमास्तरांना सगळं पटलं, असं समजू नका. एका ओळीवर ते मध्येच म्हणाले, "थांबा. हे मला पटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे." सभेत हशा झाला, आणि धाकटी म्हणाली, "बोला की सर! तुमचं म्हणणं तुमच्या तोंडून आलंय, आता ऐकायलाच हवं!" मग दोघं अर्धा तास भांडले, आणि कुणीही कुणाला बाहेर काढलं नाही.

बायांनो, बाबांनो, एकाच ग्रंथाचे दहा अर्थ निघाले म्हणून घाबरू नका. माणसं दहा तऱ्हेची जगलेली असतात, ती दहा तऱ्हेनेच वाचणार. घाबरा त्याला, जो स्वतःचा अर्थ देवाच्या सहीने खपवतो. तो समोर आला तर खाली मान घालू नका. त्याला सरळ विचारा, "हे कोण म्हणतंय? ग्रंथ, की तू?" आणि हा प्रश्न विचारण्याआधी एकदा स्वतःलाही विचारा!